माझ्या पोटावरच्या मेथ्या

मी एक जुना, हिरवा, पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाडू आले असतील, तर ते आधी पुसून टाका. माझा जन्म काडतुसं ठेवण्यासाठी झाला. झाकणाला आतून रबराची पट्टी आणि बाजूला अशी दणकट कडी, की दमट हवेची काय बिशाद आत शिरायची! तरुणपणी मी सैन्यात होतो. तिथे माझ्या अंगावर पिवळ्या अक्षरांत जे लिहिलेलं असे, तेच माझ्या पोटात असे. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच चालतं.

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्याच ईडन प्रेरी गावी एका गॅरेज सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, मी दोन फुलदाण्यांच्या मध्ये अवघडून बसलो होतो. तिथून केदारने मला उचललं. केदार मूळचा पुण्याचा, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा. त्याची मुलगी आन्या शाळेच्या टीममधून हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर बंदुकीने नेम धरायची. तिची ने-आण करता करता बाबांनाही तो नाद लागला. आन्याची बंदूक लहान, तिची काडतुसं पिवळी. केदारची बंदूक मोठी, त्याची काडतुसं लाल. लाल माझ्यात आणि पिवळी माझ्या शेजारच्या धाकट्या डब्यात.

केदारची बायको रेणू हिला लेबलं छापायच्या छोट्या मशीनचं भारी वेड. तिने मिठाच्या बरणीपासून वायफायच्या खोक्यापर्यंत कुणालाच सोडलं नव्हतं. आम्हालाही तिने छान लेबलं लावली आणि तळघरातल्या कपाटात कुलूपबंद केलं. आमच्या बाबतीत मात्र ती हौस नव्हती हं, गरज होती. पिवळं काडतूस चुकून मोठ्या बंदुकीत घातलं, तर ते नळीत पुढे घसरून अडकतं आणि दिसतही नाही. त्याच्यामागून लाल घातलं आणि चाप ओढला, की नळी फुटलीच म्हणून समजा.

मग एप्रिलमध्ये रेणूच्या आई, अहिल्याबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी येणार असं ठरलं आणि केदारची झोप उडाली.

"आई घाबरतील यार! घरात बंदूक आहे कळलं, तर दुसऱ्याच दिवशी रिटर्न तिकीट मागतील."

"अरे, सरळ सांगून टाक ना," रेणू म्हणाली.

पण सरळ सांगेल तो केदार कसला! रेणू आईंना आणायला एअरपोर्टवर गेल्यावर हा पठ्ठ्या तळघरात उतरला आणि आमची लेबलं खरवडू लागला. तेवढ्यात फोन आला, 'दहा मिनिटांत पोचतोय.' त्या धांदलीत धाकटा डबा उलटला. केदारने जमिनीवरची पिवळी काडतुसं मुठी भरभरून माझ्यात कोंबली, 'नंतर बघू' असं पुटपुटला आणि माझ्या पोटावर नवं लेबल डकवलं: मेथ्या.

मेथ्याच का? तर लहानपणी मेथीचा लाडू दिसला की हा गच्चीवर पळायचा. मेथ्या मागणारं माणूस जगात असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते 'नंतर' काही आलं नाही. तीन आठवडे तो सासूबाईंच्या हातचं चापून खात राहिला आणि मी तळघरात मनातल्या मनात ओरडत राहिलो. शनिवारी क्लबात वडील-मुलींची मॅच होती. केदारने मला उचलून थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि गाडीची किल्ली शोधायला गेला. विसरला, मित्रांनो! माझ्या पोटात काय कालवून ठेवलंय ते साफ विसरला!

स्वयंपाकघरातून अहिल्याबाई आल्या.

"अगं बाई! रेणूच्या कंबरेसाठी लाडू करायचे म्हणून मी दहा दिवस मेथ्या शोधतेय, आणि इथे डबाभर?"

त्यांनी माझी कडी उघडली. केदार एका पायात बूट घालून दारातच थिजला.

"आई, ते... म्हणजे... स्पोर्ट आहे ते. तुम्ही घाबराल म्हणून लेबल बदललं."

अहिल्याबाईंनी चष्मा लावला. एक लाल उचललं, एक पिवळं उचललं आणि दोन्ही शेजारी धरली.

"केदारराव, ही दोन्ही एकाच मापाची आहेत का?"

केदारचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा! यू मिक्स्ड देम?" आन्या किंचाळली. "दॅट कॅन ब्लो अप युअर गन!"

आजींना शब्द कळले नसतील, पण जावयाचा चेहरा कळला. त्यांना बंदुकीची भीती वाटली नव्हती, राग आला होता तो लेबलाचा. नागपूरला मुलांच्या डॉक्टरांकडे त्या एकतीस वर्षं कंपाउंडर होत्या.

"बाटलीत एक आणि चिठ्ठीवर दुसरं, असं मी एकदा जरी केलं असतं ना, तर कुणाचं तरी लेकरू गेलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटी चिठ्ठी लावलीत माझ्यासाठी, आणि जीव जाणार होता तुमचा! माझ्या पोरीकडे मी कोणत्या तोंडाने बघितलं असतं?"

केदारने मान खाली घातली. "चुकलो, आई."

मॅच राहिली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. लाल एकीकडे, पिवळी दुसरीकडे. आजींनी एकेक काडतूस स्वतः बघून आन्याच्या हातात दिलं आणि आन्याने ते ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवलं. मग रेणूच्या मशीनवर नवी लेबलं छापली, आजींसाठी मराठीत आणि आन्यासाठी इंग्रजीत. खाली तारीख आणि 'तपासलं: अहिल्या'. सैन्यातसुद्धा माझा इतका मान झाला नव्हता.

मेथ्या दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्या. आता ओट्यावर एक स्टीलचा डबा आहे, त्यावर ठळक अक्षरांत 'मेथीचे लाडू' असं लिहिलंय आणि आत खरोखरच मेथीचे लाडू आहेत. केदार रोज सकाळी तोंड वाकडं करून त्यातला एक खातो. आजी समोर उभ्या असतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा डब्यांना जीभ नसते. तुम्ही आमच्या अंगावर जे चिकटवता, तेवढंच आम्हाला बोलता येतं. तेवढं तरी आम्हाला खरं बोलू द्या.