रांगेतली माझी जागा

मी एक जुना, पिवळा, पाच लिटरचा कॅन आहे. आधी माझ्यात गोडेतेल होते. ते संपल्यावर कासिवाच्या आईने मला राखेने घासून लेकीच्या हाती दिले. मित्रांनो, आमच्या केनियातल्या कितुईकडच्या सरकारी शाळेत दप्तर विसरले तर चालते, पाण्याचा कॅन विसरून चालत नाही. त्याच पाण्यात मुलांच्या दुपारच्या मका-घेवड्याच्या घुगऱ्या शिजतात.

पाणी मिळायचे कोरड्या नदीत, वाळूत खणलेल्या खड्ड्यातून. खड्डा एक आणि गाव सगळे. मुले शाळेत पोचेपर्यंत गणिताचा तास संपलेला असे. मग निकाल काय लागणार? साऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आमची शाळा खालून पहिली. कासिवा आठवीत होती, या शाळेच्या शेवटच्या वर्गात. गणितात मार्क पडले नाहीत, तर हायस्कूल विसरायचे.

शेजारची सियोम्बुआ मावशी तिला चिडवायची, "एवढी धावतेस कशाला गं? तुमच्या शाळेचा नंबर कुणी पळवून नेत नाही."

मला फार राग यायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. रांगेत कॅन ठेवला की माणूस मोकळा. कॅनची जागा कुणी घेत नाही.

एका सकाळी मुसेंबी गुरुजी मुलांना झापायलाच नदीवर आले.

"शाळा भरून किती वेळ झाला? आणि तुम्ही इथे?"

कासिवा म्हणाली, "गुरुजी, रांगेत कॅन उभे आहेत. आम्ही मोकळेच आहोत. तुम्हीच इथे शिकवा ना."

गुरुजींनी काटकी उचलली आणि वाळूवर अपूर्णांक मांडला.

"चुकलं तर?" कासिवाने विचारले.

"पायानं पूस, परत मांड. वाळूला काय तोटा आहे आपल्याकडे?"

त्या दिवसापासून गणिताचा तास नदीत भरू लागला. रांग सरकली की सियोम्बुआ मावशी मला पायाने पुढे ढकलायची आणि म्हणायची, "तू बघ गं तुझं गणित."

शाळा काही पहिली आली नाही. पण खालून पहिलीही राहिली नाही. आणि कासिवा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन हायस्कूलला गेली. त्या दिवशी मला रडता आले असते, तर मी रडलो असतो.

आता माझ्या बुडाला चीर गेली आहे. आईने मला टाकून द्यायला काढले होते. कासिवाची धाकटी बहीण कावीन्या आडवी आली. घरात दुसरा एकच कॅन आहे. तो भरून नेला की रिकामा होऊन परत येईपर्यंत रांगेत नंबर कोण धरणार? तिने माझ्यात दोन दगड घातले, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि मला रांगेत नेऊन ठेवले.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एकदा काम विचारून बघा. माझ्यात पाणी टिकत नाही, पण रांगेत उभे राहायला पाणी लागत नाही. कावीन्या, मी उभा आहे. तू गणित सोडव.