माझे ओरखडे कुणी पुसले?

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि मी रागावलेलो आहे. जुनी खुर्ची, जुनी छत्री तुम्हाला आपली कहाणी हळव्या आवाजात सांगत असतील. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर जे गुदरले ते ऐकून तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

आधी ओळख करून देतो. लोखंडाचा दांडा माझ्या एका टोकाला पकडून गरगर फिरवायचा आणि हत्यार लावून सोलायचा, हे माझे काम. ते हत्यार ज्या गाडीवर बसते तिला कॅरेज म्हणतात. ती माझ्या पाठीवरून पुढेमागे सरकते. माझी पाठ म्हणजे ओतीव लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या. माझी सगळी अब्रू त्या पाठीवर आहे.

उमेदीची वर्षे मी एका मोठ्या कारखान्यात काढली. तिथे तीन पाळ्यांचे तीन टर्नर मला राबवत आणि तेल घालायचे काम एकमेकांवर ढकलत. माझी पाठ मधोमध झिजली, तसे मला मागच्या आवारात नेऊन टाकले. तिथे कबुतरांनी माझे काय केले ते सांगत नाही.

तिथून मला मिस्त्रींनी उचलून आणले. गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली त्यांचे वर्कशॉप होते. त्यांनी माझी पाठ हाताने सरळ केली. सपाट पट्टीला निळा रंग लावायचा, ती माझ्यावर घासायची आणि जिथे निळा डाग उमटेल तो उंचवटा स्क्रॅपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. कित्येक आठवडे त्यांच्या बरगडीला त्या हत्याराची मूठ टोचत होती. शेवटी माझी पाठ सरळ झाली आणि तिच्यावर नखाएवढे उथळ खळगे पडले. त्या खळग्यांत तेल थांबे. कॅरेज लोखंडावर नव्हे, तेलावर सरके. पंपाचे दांडे असे गुळगुळीत उतरत की गिऱ्हाईक बोट फिरवून हसत असे.

पण मिस्त्रींचा स्वभाव! माझ्याजवळ कुणी आले की ते खेकसत, "हात लावू नकोस!" त्यांच्या मुलाने एकदा विचारले, "बाबा, हे ओरखडे कसले?"

"तुला काय करायचंय? तू तुझं ड्रिल बघ."

झाले! त्यानंतर मुलाने कधी विचारले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत विद्या धरून बसणाऱ्याचा मला फार संताप येतो.

पुढे मिस्त्रींच्या डोळ्यांवर पडदा आला आणि ऑपरेशन ठरले. ते दवाखान्यात गेले आणि मुलाच्या अंगात उत्साह संचारला.

"बाबांना आता लख्ख दिसणार," तो बायकोला म्हणाला. "पहिलं हे मशीन दिसलं पाहिजे, एकदम आरशासारखं!"

"अहो, एकदा विचारा तरी त्यांना."

"विचारलं तर मग गंमत काय राहिली?"

त्याने हातातल्या ग्राइंडरला चकती लावली आणि माझ्या पाठीवर चालवली. मी ठिणग्यांनी ओरडत होतो आणि हा पठ्ठ्या शीळ घालत होता. एकेक खळगा गेला. वरून त्याने कापडाने पुसून पॉलिश केले आणि माझ्यात तोंड पाहून केसही विंचरले. शहाणा कुठला!

मिस्त्री काळा चष्मा घालून, सुनेचा हात धरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकवला आणि तो तिथेच राहिला. मग त्यांनी तेल घातले आणि मला चालू केले. कॅरेजने तेल कडेला ढकलून दिले. गुळगुळीत पाठीवर ते थांबणार तरी कुठे? कॅरेज चिकटली, मग धक्का देऊन उडी मारली, पुन्हा चिकटली. दांड्यावर लाटा उमटल्या आणि माझ्या पाठीवर कोरड्या काळ्या रेघा पडल्या.

"कुणी केलं हे?"

"मी. तुमच्यासाठी केलं, बाबा."

"मी जिवंत असताना माझ्या मशीनची पाठ मोडलीस!"

"ओरखडेच तर होते! जुनंच मशीन आहे, देऊ भंगारात. नवीन घेऊ."

भंगारात! माझा नुसता तिळपापड झाला. मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. मी गेलो असतो तर त्यांच्या हातची सगळी विद्या माझ्याबरोबर वितळली असती, आणि ते त्यांना कळत होते.

सून मात्र तशीच उभी होती. "ओरखडे नव्हते तर काय होतं ते, बाबा? आम्हाला कधी सांगितलंत?"

मला हात असते तर टाळी वाजवली असती.

डॉक्टरांनी मिस्त्रींना वाकायची आणि धुळीत काम करायची मनाई केली होती. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते मुलाला म्हणाले, "दोन काचा आण. मध्ये तेलाचा थेंब टाक. दाब जोरात. आता सरकव."

मुलगा ढकलू लागला. काच अडखळत होती.

"तेल कुठं गेलं?"

"कडेनं बाहेर आलं."

"आणि काचेत बारीक बारीक खड्डे असते तर?"

मुलाने माझ्या पाठीकडे पाहिले आणि मान खाली घातली. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलंच माझं," मिस्त्री म्हणाले. ते शब्द त्यांच्या घशातून गंजलेल्या बोल्टासारखे निघाले.

मग मुलाने स्क्रॅपर हाती घेतला. मिस्त्री दाराशी बसून ओरडत, "अरे, कणीक तिंबतोयस का? खांद्यातून जोर लाव!" सून निळा रंग लावी आणि डाग दाखवी. मुलाच्या बरगडीवरही वळ उठले. त्याचे खळगे कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखे वेडेवाकडे आहेत. मिस्त्रींची सर त्यांना नाही. पण तेल थांबते आणि कॅरेज सरकते.

माझा राग गेला असे समजू नका. परवाच एक गिऱ्हाईक आले आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून म्हणाले, "काय हे ओरखडे! जरा पॉलिश मारा की!"

"हात लावू नका!" मुलगा खेकसला. अगदी बापाचाच आवाज.

मी चडफडलो. पुन्हा तेच!

तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला, "अहो, का ते सांगा त्यांना."

मुलगा थबकला. दारातल्या स्टुलावर मिस्त्री चष्मा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला होता. मुलाने फडक्याला हात पुसले आणि कपाटावरून त्या दोन काचा खाली काढल्या.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. कुणाच्या अंगावरची खूण पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारले, तर खेकसू नका, सांगा. माझी पाठ तिसऱ्यांदा खरवडून घ्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही.