खुराड्यातला कालवफोड्या

मी खुराड्यातून बोलतोय, पण मी कोंबडा नव्हे. मी कालवफोड्या. पाठ काळी, पोट पांढरं, पाय गुलाबी आणि चोच लांब, गाजरासारखी लालसर. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर उतरायचं, शिंपल्याच्या फटीत चोच घालून तो उघडायचा आणि भरती आली की थव्यासोबत उंचावर सरकायचं, असं माझं आयुष्य.

एकदा खडकावर वाळत घातलेल्या जाळ्यात माझा पाय अडकला. सुटायला धडपडलो आणि पंख मुरगळला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री घरी चालला होता. त्यानं मला सोडवलं, शर्टात गुंडाळलं आणि परसातल्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं. जीव वाचवला त्यानं, हे मी विसरणार नाही.

पण मी कोण, हे कुणाला कळेना.

"बगळा असेल," मिस्त्री म्हणाला.

"अर्धा काळा बगळा कुठं बघितलास?" त्याची आई म्हणाली. "बदकच ते. दाणे टाक."

शेजारी येत, फोटो काढत, मला नवं नाव ठेवून जात. समोरच्या दाण्यांना मी चोचही लावेना. अंगातलं त्राण गेलं.

मिस्त्रीची बायको मात्र कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघत राही. भूक असह्य झाली की मी फरशीच्या फटीत चोच खुपसून उचकटत बसे.

"अहो आई, हा काहीतरी फोडायला बघतोय," ती सासूला म्हणाली.

बाजारातून येताना तिनं शिंपल्यांसकट ताजी कालवं आणली. एक पुढ्यात ठेवलं. मी ते उघडून गट्ट केलं.

"अगंबाई, हा तर कालवफोड्या!" सासू ओरडली. "आमचे वडील दाखवायचे खडकांवर!"

मग काय, माझी बडदास्त सुरू झाली. रोज कालवं, घमेलंभर पाणी आणि दाराला नवी, भक्कम कडी. पाहुण्यांना दाखवायला मी हवा होतो ना! पंख केव्हाच बरा झालाय.

काल थवा ओरडत वरून गेला. मीही ओरडलो, झेपावलो आणि जाळीवर आपटलो. मिस्त्रीची बायको धावत आली.

"सोडूया ना याला!"

"इथं काय कमी आहे?" मिस्त्री म्हणाला. "आयतं मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे."

हे असलं बोलणं तिनं स्वतःबद्दलही ऐकलं असावं. ती वळली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली.

मिस्त्रीदादा, मी काय खातो हे तुमच्या बायकोनं ओळखलं. मी राहतो कुठं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तिथं छप्पर नसतं. जमीनसुद्धा दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, तरी ते माझं घर आहे. कडी काढा. पुढची वाट माझी मला ठाऊक आहे.