सुटाच्या आतलं हवामान

मायनसला जंतुसंसर्ग झाला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि तो ठणठणीत बरा झाला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. कुणी विचारलंच तर सांगा, गोष्ट इथून सुरू होते: मायनसला काहीही झालेलं नाही, तो घरी सोफ्यावर आडवा पडलाय आणि त्याच्या मांड्यांमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांचं पाकीट आहे.

नसबंदी म्हणजे किरकोळ काम, असं तो सगळ्यांना सांगत होता. सगळ्यांना म्हणजे बायकोला आणि भिंतीला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. थोडी सूज, निळसर डाग, ओढल्यासारखं दुखणं, एवढं चालायचंच. संसर्ग क्वचित होतो, पण ताप आला, सूज किंवा लाली वाढत गेली, पू दिसला, तर विचार करत बसू नका, सरळ निघून या. जागा कोरडी ठेवा, फडक्यात गुंडाळून थंड काहीतरी धरा, ओझं उचलू नका, आराम करा. मायनसने मान डोलावली आणि या सगळ्यातलं ‘थंड’ तेवढं डोक्यात ठेवलं.

त्यात त्याचीही फारशी चूक नव्हती. तो कोल्ड स्टोरेजमध्ये माल तपासायचा. उणे अठराच्या खोल्यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, नावही तिथेच पडलं. थंडीत काही कुजत नाही, यावर त्याची जितकी श्रद्धा होती तितकी अजून कशावरच नव्हती.

पंचाईत पाकिटाने केली. वाटाणे मऊ पडल्यावर बायको ते परत फ्रीजरमध्ये टाकायला निघाली आणि मायनस ताडकन उठला. ताडकन उठू नका, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

“वितळलेला माल परत गोठवायचा नाही!”

“अरे, हे खायचे नाहीयेत.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तुझ्या तत्त्वाला आता कशाने शेकायचं?” बायको म्हणाली. पण पाकीट कचऱ्यात गेलं, दुसरं गेलं, आणि घरातला थंडावा संपला.

खरं तर त्याला घरात चैनच पडत नव्हतं. पडलं की उठावंसं वाटे, उठलं की खिडकीशी जावंसं, खिडकीशी गेलं की पुन्हा पडावंसं. त्यात खाली काहीतरी ठणकायला लागलं होतं. तो आरशासमोर वाकायचा, बघायचा, पटकन चड्डी वर ओढायचा आणि काही बघितलंच नाही असं ठरवायचा.

बायकोला सांगणं शक्य नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या अंगातून इतकं रक्त गेलं होतं की मायनसला दवाखान्याच्या खुर्चीवर चक्कर आली आणि नर्सने आधी त्यालाच पाणी पाजलं. तेव्हाच त्याने ठरवलं, पुढचं ऑपरेशन आपलं. आईने मात्र आकाशपाताळ एक केलं होतं.

“अरे, पुरुषाच्या जातीला असलं सोसत नाही. तिचंच करून टाक ना!”

“आई, तिचं पोट उघडावं लागतं.”

“मग? माझंही उघडलं होतं. काय बाहेर सांडलं का?”

मायनस तेव्हा जिंकला होता. पण आता काही बिनसलं असेल, तर आई ‘मी म्हटलं नव्हतं’ म्हणणार, ते एकवेळ परवडलं. बायको मात्र गप्प बसणार आणि मग हळूच म्हणणार, मीच करून घेतलं असतं तर. ते वाक्य ऐकण्यापेक्षा त्याला ठणका बरा वाटत होता.

म्हणून सुट्टी शिल्लक असताना तो कामावर हजर झाला. कारण साधं होतं. एवढा थंडावा घरात मिळत नाही, तो जिथे फुकट मिळतो तिथे जाऊन बसावं. त्याने नेहमीचा जाडजूड सूट चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि माशांच्या खोक्यांमध्ये एका पालथ्या क्रेटवर जाऊन बसला. जणू दवाखान्यात खाट मिळाली.

मधूनमधून तो तापमापकाची गन कपाळावर रोखायचा. आकडा इतका खाली यायचा की ताप तर सोडाच, माणूस हयात आहे की नाही अशी शंका यावी. मायनस खूश. मग पुन्हा ठणका यायचा, की पुन्हा गन. गन, ठणका, गन. बसवेना म्हणून तो खोक्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालायला लागला. चालताना पाय असे फाकलेले, की मधून एखादं छोटं कुत्रं सहज जावं.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ताईने दोन खेपांत हे बघितलं. ताई वयाने आईच्या जवळपास, तोंडाने फोर्कलिफ्टच्या जवळपास.

“काय रे, घोड्यावरून आलास का?”

“पाय मुरगळलाय.”

“दोन्ही?”

“हो. बाहेरच्या बाजूने.”

ताईने आणखी काही विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं. चहाच्या सुट्टीत तिने त्याला हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर ऊन होतं, चहाच्या मशीनमधून वाफ येत होती, बाकीचे शर्टाने वारा घेत होते. आणि तिथे, गरम मशीनला टेकून, सूट घातलेला मायनस कुडकुडायला लागला. दात असे वाजले की कप खाली ठेवावा लागला.

“माशांमध्ये ठणठणीत बसतोस आणि इथे कुडकुडतोस?”

“हवा बदलली ना, ताई.”

“हवा नाही, तू बदललायस. आण ती गन.”

“बघ की, आकडा बरोबर आहे.”

“बरोबर? नवीन पोरांवर तू कशावरून ओरडतोस रे? खोक्यावर गन मारू नका, खोकं फोडा, मालात तापमापकाची सुई घाला. आणि स्वतः दिवसभर खोक्यावर मारत बसलास!”

गारठलेली कातडी मोजून त्याने आतल्या माणसाला पास केलं होतं. अशा तपासनीसाला त्याने स्वतः घरी पाठवलं असतं.

“सुई घालायची गरज नाही ना?” त्याने बारीक आवाजात विचारलं.

“ते दवाखान्यात ठरवू दे,” ताई म्हणाली, आणि तिने त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, जागा बघितली. लाल, सुजलेली, एका कडेला पू धरलेला. मग त्यांनी सूट बघितला, कारण तो काढून ठेवल्यावर खोलीत वास सुटला होता.

“हा घालून बसला होता?”

“थंडीत बसलो होतो, मॅडम. उणे अठरा.”

“उणे अठरा तुमच्या बाहेर होतं. हा सूट कशासाठी असतो?”

“आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून,” मायनस पाठ केल्यासारखा म्हणाला. आणि त्याने हळूच सुटाकडे बघितलं.

“बरोबर. म्हणजे टाका कोरडा ठेवायचा सोडून तुम्ही त्याला घामात उकडत ठेवलात. वर येरझाऱ्या. जंतूंना अजून काय हवं? सतरंजी?”

पू काढला, पट्टी केली, गोळ्या लिहून दिल्या. अजून उशीर केला असता तर भरती व्हावं लागलं असतं, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. तेवढ्यात आई पोचली. दारातूनच सुरुवात केली.

“मी म्हटलं नव्हतं?”

बायको गप्प होती. मायनसने तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

“मीच करून घेतलं असतं तर,” बायको म्हणाली. मायनसने श्वास रोखला. “तर निदान सूट घालून माशांत शिजत बसले नसते.”

त्याने एक डोळा उघडला. ती हसत नव्हती. डोळे भरले होते आणि हात त्याच्या घोट्यावर घट्ट होता.

“आईंना जिंकू द्यायचं नव्हतं, मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, आणि यासाठी तू सडायला तयार होतास? यापुढे दुखलं की मला सांगायचं. आधी मला, मग त्या गनला. आणि आई, ऑपरेशनने काही नाही झालं. सुटाने झालं.”

आईने खुर्चीवरच्या सुटाकडे असं बघितलं, जणू नको असलेली सूनच तिथे बसलीय. “मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता,” ती म्हणाली, आणि तिथून तिचा सगळा राग त्या सुटावर गेला.

ताप उतरला, पण सुख लागलं नाही. आईने नातेवाइकांना कळवलं, ताईने मालधक्क्याला. मामा फोनवर आजाराचं नाव न घेता ‘ते’ कसं आहे विचारायचे. समोरच्या काकू जिन्यातून ‘आता कसं आहे?’ ओरडायच्या. ताईचा फोन आला की मागे कामावरची सगळी पाळी कान लावून उभी. आत्याने तर फोटो मागितला, म्हणे त्यांच्याकडे एक ओळखीचे डॉक्टर आहेत. मायनस कुशीवर वळायचा, उठायचा, पडायचा. शेवटी तो उशीला टेकून बसला, घसा साफ केला, आणि स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला:

“सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर जागेची सूज पूर्णपणे उतरेपर्यंत घरातील, नात्यातील, जिन्यातील अथवा मालधक्क्यावरील कोणत्याही व्यक्तीने ‘आता कसं आहे’ असा प्रश्न तोंडी, फोनवर वा भुवया उंचावून विचारू नये, तसेच सदर जागेचा उल्लेख जेवणाच्या वेळी करू नये. यास फक्त अर्जदाराची पत्नी अपवाद राहील. तरी याबाबत सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.”