रजईतला उजेड

“उशाशी ठेव हं, मुरली. आणि कशासाठी दिलंय, ते कुणाला सांगू नकोस.”

पुणे स्टेशनावर प्रभाताई हळूच म्हणाल्या, ते अजून माझ्या चावीत गुणगुणतं. मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. धाकटा भाऊ मुरलीधर नोकरीसाठी दिल्लीला निघाला, तेव्हा ताईंनी मला त्याच्या पिशवीत ठेवलं आणि जात्यावरच्या चालीत दोन ओळी म्हटल्या:

दिव्यामागं दिवा लावी, वात सरे थोडी थोडी
भाऊ माझा परमुलखी, उजेडाची त्याला जोडी

लोक मला रेडियमचं घड्याळ म्हणायचे. खरं तर माझ्या हिरव्या आकड्यांच्या रंगात ट्रिटियम आहे. तबकडीवरची बारीकशी ‘टी’ ही त्याचीच खूण. त्याचे अणू एकेक करून रूप बदलतात आणि जाता जाता मला उजळून जातात.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझी काय ऐट होती! शेजारी मला ओंजळीत धरून डोकावायचे, “क्या बात है, मुरलीधरजी!” पुढे लग्न होऊन वैजयंतीबाई घरात आल्या, मग क्षिप्रा जन्मली. “पोरीला अंधाराची भीती वाटते,” म्हणत मुरलीधर मला उशाशीच ठेवत राहिले. पोर मात्र दिवा मालवताच घोरायला लागायची.

मग नवे दिवस आले. घरोघरी रंगीत टीव्ही आले, भिंतींवर सेलवरची घड्याळं आली, आणि नोएडात आमचा फ्लॅट झाला. सामान बांधायचा दिवस उजाडला. थंडीतली दुपार होती, खाली कबाडीवाला भंगारासाठी हाका मारत होता, आणि वैजयंतीबाईंनी मला उचलून रद्दीवर ठेवलं.

“क्षिप्रा बारावीत गेली. आता तिला कसली भीती?”

“अं... हो. बारा वर्षांत अर्धा उजेड जातो म्हणे. चोवीस झाली, म्हणजे संपलाच,” मुरलीधर म्हणाले. पण त्यांचा हात काही माझ्यावरून निघेना.

“काय यार बाबा, हे काय गणित!” क्षिप्रा ओरडली. “दर वेळी जे उरलंय, त्याचं अर्धं जातं. बारा वर्षांनी अर्धा, चोवीसनी पाव, छत्तीसनी पावाचा अर्धा. ह्यालाच एक्स्पोनेन्शियल फंक्शन म्हणतात.” तिने रद्दीतल्या कागदावर रेघ काढली. आधी भरभर उतरणारी, मग रेंगाळणारी, जमिनीला कधीच न टेकणारी.

“कळलं!” वैजयंतीबाई म्हणाल्या. “तुझ्या बाबांचा शंकरपाळ्यांचा डबा. दर वेळी उरलेल्यातले अर्धे खायचे. डबा संपत नाही, म्हणून घासायलाही लागत नाही!”

“बिल्कुल! फक्त ह्याचा रंगपण म्हातारा झालाय, त्यामुळे पावापेक्षा कमीच दिसेल. चलो, बघू या.”

बांधलेली रजई सोडून तिघं तिच्यात शिरली, मला मध्ये घेऊन. बराच वेळ नुसता काळोख. माझी टिकटिक कापरी झाली. हळूहळू त्यांचे डोळे सरावले आणि एकेक आकडा उमलला. फिकट, पण बाराच्या बारा!

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्याजवळ घटकाभर अंधारात बसा. उरलेलं दिसायला थोडा वेळ लागतो.

“कबाऽऽडी!” खालून पुन्हा हाक आली.

“मग, देऊ का?” वैजयंतीबाईंनी रजईतूनच विचारलं.

मुरलीधर खाकरले. “नको गं. क्षिप्राला कधीच भीती वाटत नव्हती. मला वाटायची अंधाराची. अजूनही वाटते.”