गेट उघडण्याआधीचा फोन

रॉकलिक गावचं सगळं सांडपाणी एकट्या लोविना स्टिडमच्या हवाली होतं. गावाला तिच्या प्लांटची आठवण यायची ती फक्त वास आला की. पाऊस फार झाला की टाक्या तुडुंब भरत आणि मग मोठं गेट उघडून मैलापाणी तसंच नदीत सोडावं लागे. त्याआधी एक फोन करायचा, खालच्या चर्चच्या पाद्र्याला. तिथली मंडळी रविवारी सकाळी नदीत उतरून बाप्तिस्मा घेत, मग थंडी असो की पाऊस.

सहा वर्षांपूर्वी लोविनाने आधी गेट उघडलं आणि फोन तासाभराने केला. प्लांटच्या नोंदवहीत मात्र उलटं लिहिलं. त्या रविवारी रेबा टकेटची सात वर्षांची जोली नदीत उतरली होती. आठव्या दिवशी पोर गेली. पोटाची साथ आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि लोविना मूग गिळून बसली. मयताच्या घरी तिने बटाट्याचं सॅलड करून नेलं होतं. त्या सॅलडची तिला अजून लाज वाटते.

तेव्हापासून पावसाच्या दिवशी गेटच्या खोलीत कुणीतरी खोकतं. बारीक, ओला खोकला, नाकातोंडात पाणी गेल्यासारखा. पाइपात हवा अडकते, असं तिने स्वतःला शंभरदा बजावलं. पण हवा खोकून झाल्यावर दम खात नाही, हे तिलाही कळत होतं.

आज रविवार होता, सकाळचे नऊ वाजलेले, आणि डोंगरात तीन दिवसांची झड लागलेली. पाद्र्याचा फोन नुसता वाजत राहिला. म्हणजे सगळे पाण्यात उतरले असणार. अर्ध्या तासात गेट उघडलं नाही तर खालच्या गल्लीतल्या तळघरांत घाण चढणार होती, लोविनाच्या घरातसुद्धा. तिने गेट उघडायच्या चाकावर हात ठेवला. पाठीमागे खोकला आला, तिच्या कमरेच्या उंचीवरून. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. ती तशीच बाहेर पळाली आणि तिने ट्रक काढला.

नदीत पाद्री छातीभर पाण्यात उभा होता. शेजारी रेबा आणि तिचा धाकटा एमेट. तोही आता सात वर्षांचा.

"काय गं लोविना," पाद्री ओरडला, "आज तुलाही बुचकळून काढायचं का? तुला दोनदा काढावं लागेल हं!"

लोक हसले.

"बाहेर या! सगळे बाहेर या! गेट उघडायचंय!"

"येतोय बाई, किंचाळू नकोस," म्हणत रेबा एमेटला घेऊन काठावर आली.

निरोप पोचला होता. लोविनाला तिथूनच मागे फिरता आलं असतं. पण ती रेबापाशी गेली.

"रेबा, जोलीच्या वेळी मी आधी गेट उघडलं होतं. फोन नंतर केला. वहीत खोटं लिहिलं."

रेबा एमेटचे केस टॉवेलने पुसत राहिली. केस कधीच कोरडे झाले होते.

"ती म्हणाली होती, मम्मा, पाण्याला वास येतोय," रेबा शेवटी म्हणाली. "मी म्हटलं, नाटकं करू नकोस. मीच दंड धरून नेलं तिला आत. सहा वर्षं वाटतंय, मीच मारलं. आणि तू मला दर आठवड्याला दुकानात भेटत होतीस."