पानाखालची प्लेट

सत्यवती झोपेत दात खायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत शेवटी ते तिच्या वडिलांना कळलं. गुरुदास मुंबईत छापखान्यात कामाला होता आणि वर्षातून दोनदा आचऱ्याला यायचा. एरवी तो ओटीवर निजायचा. १९६२च्या शिमग्याला आला तेव्हा माजघरात निजला आणि पहिल्याच रात्री अंथरुणात उठून बसला. माळ्यावर उंदीर नारळ कुरतडतोय असं त्याला वाटलं.

"उंदीर नाय तो. तुझा चेडू आसा," काशीबाई अंधारातून म्हणाली. "निज. आमका सवय झाली."

काशीबाई ही गुरुदासची आत्या. नवरा गेल्यापासून ती याच घरात होती. सत्यवतीच्या दातांवर तिने तीन वर्षं उपाय केले होते. आधी वावडिंग, मग किराईत. जंत पडले, दात खाणं थांबलं नाही. झोपेत दात खाणारं पोर घरातल्या मोठ्या माणसाला खातं, असंही गावात म्हणत. काशीबाई त्यावर म्हणायची, "घरात मोठा माणूस म्हणजे मीच. माका खाऊक तिका दात तरी रवाक होये."

ते खरं होतं. अकरा वर्षांच्या मुलीच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. गार पाणी तोंडात घेतलं की ती गाल धरून बसायची. सकाळी जबडा आखडलेला असायचा आणि भाकरीचा पहिला तुकडा ती हळूहळू, एकाच बाजूने चावायची.

मे महिन्यात गुरुदासने बायकोला, सावित्रीला, आणि मुलीला मुंबईला बोलावलं आणि दातांच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मुलीला तोंड उघडायला सांगितलं, मिटायला सांगितलं, पुन्हा उघडायला, पुन्हा मिटायला. मग त्यांनी सावित्रीला जवळ बोलावून दाखवलं. वरचा जबडा अरुंद होता. तोंड मिटताना उजवीकडचा एक दात आधी टेकायचा आणि मग खालचा जबडा बाजूला सरकून बसायचा.

"दिवसा ती जबडा सरकवून घेते, तिला कळतही नाही," डॉक्टर म्हणाले. "झोपेत तोच जबडा जागा शोधत राहतो. घासतो. वरचा जबडा थोडा रुंद केला, दात दातावर नीट बसले, तर घासणं कमी होईल असा माझा अंदाज आहे. थांबेलच असं मी लिहून देत नाही. पण हे आता करायला हवं. आणखी दीड-दोन वर्षांनी हाड घट्ट झालं की ही प्लेट काही कामाची नाही."

प्लेट गुलाबी होती, टाळूला चिकटून बसणारी, मधोमध चिरलेली. चिरेत एक बारीक स्क्रू होता आणि दोन्ही बाजूंना दाढांना धरणारे तारेचे आकडे. दर रविवारी किल्लीने स्क्रू पाव फेरा फिरवायचा. प्लेट फक्त जेवताना काढायची आणि धुऊन लगेच लावायची. तारेला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि मुलगी कोणत्या रात्री दात खाते, कोणत्या रात्री खात नाही, त्याचीही नोंद ठेवायला सांगितलं. सप्टेंबरअखेर पुन्हा दाखवायचं होतं. तोवर पावसामुळे मुंबई-मालवण बोट बंद. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात सावित्री मुलीला घेऊन मालवणला उतरली, आणि तिथून पुढचे चार महिने ती प्लेट तिच्या एकटीच्या ताब्यात होती.

नोंद ठेवायची म्हणजे जागायला हवं. दिवसा लावणी, गोठा, चूल. रात्री दोनदा-तीनदा उठून ती मुलीच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायची. मुलीने दात खाल्ले असतील तर सकाळी कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ. जूनच्या तीस रात्रींत सत्तावीस रेघा होत्या. रविवारी न्हाणं झालं की ती मुलीला ओटीवर उजेडात बसवून किल्ली फिरवायची. मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हलायची नाही. जुलैत रेघा बावीस झाल्या. सावित्रीने त्या दोनदा मोजल्या.

काशीबाईला प्लेट मान्य नव्हती असं नाही. तिला ती कुठे ठेवायची हे मान्य नव्हतं. तोंडातून काढलेली वस्तू उष्टी. ती फडताळात नको, देवाच्या खोलीत तर नकोच. शेवटी तिने स्वतःची तपकिरीची रिकामी डबी घासून दिली आणि डबी पडवीत खुंटीवर टांगायची असं ठरलं. सत्यवती जेवायच्या आधी पडवीत जायची, जेवून पुन्हा पडवीत. दोन महिने यात चूक झाली नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी देवळात समाराधना होती. निघताना सत्यवतीने डबी हातात घेतलेली काशीबाईने पाहिली.

"ती खंय घेवन चल्लंस?"

"जेवताना काढूक होई मां."

"तोंडातलो जिन्नस देवाच्या पंगतीक? ठेव थय. येक दिवस तशीच जेव."

सत्यवतीने आईकडे पाहिलं. सावित्रीला आदल्या रात्री झोप नव्हती आणि देवळात भात उपसायला तिला आधी पोचायचं होतं. ती म्हणाली, "आते सांगता तसा कर." एवढंच. डबी खुंटीवर राहिली, प्लेट तोंडातच.

प्लेट लावून भात खाता येत नाही. पंगतीत शेजारी शाळेतल्या मुली होत्या. सत्यवतीने मान खाली घालून प्लेट काढली आणि केळीच्या पानाच्या शेंड्याखाली सरकवली. वरण आलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं, खीर आली. जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने आपलं पान आपल्याकडे दुमडलं, उचललं आणि देवळामागच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. सत्यवतीनेही टाकलं. पानाखाली ओली जमीन होती, प्लेट पानाला चिकटून वर आली. हात धुताना तिने टाळूला जीभ लावली आणि ती तशीच उभी राहिली.

सावित्री मोठ्या हंड्यापाशी होती.

"आये."

"काय गो?"

"ती पानाबरोबर गेली."

सावित्रीने विचारलं नाही काय गेली ते. हातातला झारा ठेवून ती मागच्या बाजूला निघाली.

तोवर तीन पंगती उठल्या होत्या. खड्ड्यात दोन-अडीचशे पानं होती आणि वरून पाऊस. काठावर दोन म्हशी पानं ओढत होत्या. सावित्रीने पदर खोचला, म्हशी हाकलल्या आणि ती खड्ड्यात उतरली. दुसऱ्याच्या उष्ट्या पानाला हात लावायचा नसतो. ती एकेक पान उलगडायची, झटकायची, बाजूला टाकायची. मुलगी काठावरून पानं घेऊ लागली. थोड्या वेळाने चार-पाच बायका येऊन उभ्या राहिल्या.

"सोन्याचा काय पडला गो?" एकीने विचारलं.

"दात पडले," दुसरी म्हणाली. "मुंबैचे."

हसणं झालं. त्यातली एक मग म्हणाली की सावित्रीने आज पुन्हा हंड्याला हात लावू नये. सावित्रीने मान हलवली. पुन्हा हंड्याकडे जायचं तिच्या मनातही नव्हतं.

काशीबाई आली ती हातात काठी घेऊन. तिचा आज सोमवारचा उपास होता, अंगावर सोवळ्याचं लुगडं होतं. ती काठावर उभी राहिली, बायकांकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं.

"कितकी बघलंस?"

"अर्धी नाय झाली."

"त्या बाजूची माका दी."

"आते, तुमचा सोवळा..."

"सोवळा काय, घराकडे जावन न्हातंय. डबी ठेव म्हणान मियाच सांगलंय नाय?" तिने काठी टाकली आणि वाकून पहिलं पान उचललं. उभ्या असलेल्या बायकांना ती म्हणाली, "बघतास काय? हात लावची नसात तर म्हशी तरी राखा." दोघीजणी म्हशींकडे गेल्या.

प्लेट सापडली ती पानात नव्हे, खड्ड्याच्या काठावरच्या चिखलात. म्हशीचा पाय पडला असावा. गुलाबी भाग शाबूत होता. उजवीकडचा आकडा मात्र उलटा वळला होता. घरी धुऊन तोंडात घालून पाहिली, ती लगेच खाली पडली.

त्या रात्री सत्यवती प्लेटशिवाय झोपली. सावित्री कॅलेंडरसमोर बराच वेळ बसली. मुंबईला पत्र आठ दिवसांनी पोचलं असतं, उत्तराला आणखी आठ. घाट उतरणाऱ्या गाड्यांचा भरवसा नव्हता. दोन आठवडे प्लेट नसेल तर दात पुन्हा आत येऊ लागतील, हे कागदावर लिहिलं होतं. तारेला हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहिलं होतं. दोन्ही वाक्यं तिने पुन्हा पुन्हा वाचली.

बुधवारी ती मुलीला घेऊन मालवणला गेली. पास्कल फर्नांडिस नावाचा म्हातारा बंदराजवळ राहायचा. बोटीवरच्या इंजिनखोलीत त्याने सव्वीस वर्षं काढली होती. आता घड्याळं, स्टोव्ह, व्हायोलिनच्या खुंट्या, जे येईल ते दुरुस्त करायचा. त्याने प्लेट हातरुमालावर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती खिडकीपाशी नेली.

"ह्यां कित्याक?"

सावित्रीने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे इंजिन जागेर बसूक नाय, म्हणान घासता."

"डॉक्टर तसाच म्हणाले."

"सव्वीस वर्सां बोटीची इंजिनां बसयली, बाय. चेडवाच्या तोंडातला पयल्यांदाच." त्याने तेलाची कुपी उचलली. "ह्या स्क्रूक थेंबभर..."

"तेल नको!" सावित्री इतक्या जोरात म्हणाली की सत्यवतीला हसू आलं. तिचं ते हसणं सोमवारनंतरचं पहिलं होतं.

"बरां, बरां. नको." कुपी त्याने परत ठेवली. "बाय, एक सांगतंय. ही तार एकदा वाकली, मी ती परत वाकवतलंय. तिसऱ्या वेळेक ती तुटतली. आज तुटली तर माका दोष नाय."

सावित्रीने मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाकवा."

डावीकडचा आकडा चांगला होता. पास्कलने तो समोर ठेवून कागदावर त्याचा आकार काढला आणि उजवा आकडा बारीक चिमट्याने थोडा थोडा वळवत आणला. दर वळणाला तो थांबायचा, तोंडात बसवून पाहायला सांगायचा. दोन तास गेले. सातव्या वेळेला प्लेट वर राहिली.

"दुकता?" त्याने विचारलं.

"दुकता," सत्यवती म्हणाली.

"मगे बसली." पास्कलने चष्मा खाली ओढला. "दुकाक नाय तर समजाचा, सैल आसा."

त्या रविवारी किल्ली फिरली नाही. सावित्रीने हलक्या हाताने पाहिलं, जोर केला नाही. चिरेत चिखल बसला होता. तिने तीन दिवस जेवणाच्या वेळा गाठून प्लेट कोमट पाण्यात ठेवली आणि झाडूच्या हिराने चीर साफ केली. पुढच्या रविवारी किल्ली फिरली. एक पाव फेरा गेला तो गेलाच. तो भरून काढायला पुढच्या वेळी अर्धा फिरवायचा नाही, हे कागदावर नव्हतं, पण तिने ते स्वतःच ठरवलं. खुंटीवरची डबी काशीबाईने फडताळात आणून ठेवली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बोट सुरू झाल्यावर, दोघी मुंबईला गेल्या. डॉक्टरांनी पट्टीने मोजलं. तीन मिलिमीटर व्हायला हवं होतं, दोनाच्या थोडं वर झालं होतं. दात अजून दातावर बसत नव्हते, पण जबडा आधीइतका सरकत नव्हता. कॅलेंडरची पानं त्यांनी एकेक करून पाहिली. सप्टेंबरच्या चोवीस रात्रींत बारा रेघा होत्या.

"निम्म्यावर आलंय," ते म्हणाले. "प्लेटमुळे की आपोआप, हे आज मी सांगू शकत नाही. पण दिशा बरोबर आहे." मग त्यांनी प्लेट उजेडात धरली. "हा आकडा कुणी वाकवला?"

"मालवणात एकाने. बोटीवर कामाला होते ते."

डॉक्टरांनी प्लेट पुन्हा मुलीच्या तोंडात बसवली, बोटाने दाबून पाहिली.

"बरा वाकवलाय. पुन्हा वाकवू नका." ते कागदावर लिहू लागले. "नवी प्लेट देतो. हिला आणखी एक पावसाळा लागेल. रात्रींची नोंद चालू ठेवा."

"एक पावसाळा," सावित्री म्हणाली.

परतीच्या बोटीवर त्यांना इंजिनखोलीला लागून जागा मिळाली. चटई टाकली, डबा खाल्ला. सत्यवतीने नवी प्लेट डबीतून काढली, धुतली, लावली आणि ती आईच्या मांडीला पाठ लावून झोपली. दुपार कलली तेव्हा हर्णै मागे पडलं होतं. खालची फळी इंजिनाने थरथरत होती आणि त्या घरघरीत मुलगी दात खाते आहे की नाही हे ऐकू येणं शक्य नव्हतं. जबड्याला हात लावला असता तर कळलं असतं. सावित्रीचा हात मुलीच्या खांद्यावर होता, जबड्यापासून वीतभर लांब. तिने तो तिथेच राहू दिला, डोकं गाठोड्याला टेकवलं आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदा ती दोन तास सलग झोपली.